वाचकांचे प्रश्न : यकृताचा कर्करोग आणि ऑटोफॅजीची जनुके

मागील अंकातील यकृतविकारांवरील लेखात एक विधान ओझरते आले होते. पेशीतील निकामी भाग मोडून त्यातील द्रव्ये पुन्हा वापरात आणणारी ऑटोफॅजी ही प्रक्रिया निरोगी यकृताचे रक्षण करते, परंतु कर्करोग झाल्यावर तीच त्याच्या उपयोगी पडते, असे ते विधान होते. त्यावर विदर्भाच्या ग्रामीण भागातून पत्रे आली. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना सिरोसिस (यकृतात व्रणांच्या ऊती वाढून ते निबर होणे) होता आणि आता यकृताचा कर्करोग असल्याचे नागपूरला निदान झाले आहे. गावात सर्वांच्या मोबाइलवर एक निरोप फिरतो आहे. उपवास केला की शरीर कर्करोगाच्या पेशी स्वतःच खाऊन टाकते आणि या शोधासाठी एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले, असे त्यात लिहिले आहे. तेव्हापासून मामाजी एकादशी, चतुर्थी आणि सोमवार असे सगळे उपवास निरंकार करू लागले आहेत. दोन घास खा म्हटले तरी रागावतात. त्यांना उपवास करू द्यावा काय? (एक गृहिणी, आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : निरंकार उपवास करू देऊ नये. मामाजींची श्रद्धा आपल्या जागी आहे आणि तिच्याशी वाद घालण्याचे कारण नाही, परंतु त्या निरोपात विज्ञानाच्या नावाने जे सांगितले आहे ते चुकीचे आहे आणि त्यांच्यासारख्या रुग्णाला ते अपायकारक ठरेल.

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ऑटोफॅजीवरील संशोधनासाठी मिळाले, एवढा भाग खरा आहे. त्यांनी अभ्यास केला तो मात्र यीस्ट या एकपेशीय सजीवाचा. यीस्टला उपाशी ठेवल्यावर त्याच्या पेशीत काय घडते हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि ज्यांना ही प्रक्रिया साधत नाही असे यीस्टचे प्रकार शोधून १९९३ साली तिला लागणाऱ्या पंधरा जनुकांकडे बोट दाखवले. माणसाच्या उपवासावर किंवा कर्करोगाच्या उपचारावर त्यांनी प्रयोग केले नव्हते. निरोप लिहिणाऱ्याने यीस्टपासून एकादशीपर्यंतची उडी स्वतःच्या बळावर घेतली आहे.

त्याहून मोठी चूक अशी की ऑटोफॅजी म्हणजे शरीराने वाईट पेशी ओळखून खाणे, असे त्या निरोपात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पेशी आपल्याच आतील जुनी प्रथिने आणि बिघडलेल्या तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया) मोडते, आणि ते करते ती जगण्यासाठी. अन्न कमी पडले की हा वेग वाढतो. ही सोय यकृताच्या निरोगी पेशीला आहे, तशीच कर्करोगाच्या पेशीलाही आहे. तेव्हा मामाजी उपाशी राहिले म्हणून गाठ उपाशी मरेल असे समजण्यास आधार नाही. उपासमारीत तग धरण्याचे साधन गाठीकडे आधीपासूनच असते.

आता सिरोसिसबद्दल. निरोगी यकृत रात्रीच्या उपवासासाठी ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवून ठेवते. सिरोसिसमध्ये हा साठा फार लहान होतो, त्यामुळे रात्रीचे जेवण आणि सकाळचा चहा यांच्यातील दहा-बारा तासांत रुग्णाच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासमारीनंतर होते. साखर संपली की शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून ती बनवू लागते. पोटात पाणी असल्यामुळे वजन तेवढेच दिसते, पण दंड आणि मांड्या बारीक होत जातात. स्नायू असे झिजलेला रुग्ण कर्करोगाचे उपचार कमी सोसतो, त्याला संसर्ग लवकर होतो, आणि रक्तातील अमोनिया वाढून गुंगी येण्याचा धोकाही वाढतो, कारण यकृत दुबळे असताना अमोनियाची विल्हेवाट लावण्याचे बरेचसे काम स्नायूच करत असतात.

म्हणून सिरोसिसच्या रुग्णाने दिवसा फार काळ उपाशी राहू नये आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खावे, असा आज जगभर सल्ला दिला जातो. प्रथिने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम मिळावीत. पन्नास किलोच्या माणसाला ही ६० ते ७५ ग्रॅम होतात, आणि केवळ भाकर व पातळ वरणावर ती भागत नाहीत. घट्ट वरण, चून, दूध, दही आणि चालत असल्यास अंडी यांचा दिवसभरात मेळ घालावा लागेल. कावीळ किंवा यकृताचा आजार म्हटला की वरण आणि दूध बंद करून रुग्णाला उकडलेल्या भाज्यांवर ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मोडावी. पोटात किंवा पायांवर पाणी असेल तर मीठ मात्र कमी करावे, आणि त्यात पापड व लोणचेही मोजावे. एकादशी मोडल्याचे मामाजींना वाईट वाटत असेल तर त्या दिवशी दूध, दही आणि भगर असा फराळ थोड्याथोड्या वेळाने आणि रात्री झोपताना पुन्हा एकदा द्यावा. हे सर्व त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास प्रमाणे बदलतात.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. एटीजी जनुके, म्हणजे ऑटोफॅजी घडवून आणणारी जनुके, निकामी केली की उंदरांच्या यकृतात गाठी येतात, असे वाचनात आले. त्याअर्थी ही जनुके कर्करोगाला रोखणारी ठरतात. दुसरीकडे कर्करोगावर ऑटोफॅजी थांबवणारी औषधे शोधली जात आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? तसेच काही जनुकांची पातळी मोजून यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण किती काळ जगतील हे वर्तवणारे शोधनिबंध अलीकडे पुष्कळ दिसतात. त्यांवर कितपत विसंबावे? (एक शिक्षक, साकोली, जिल्हा भंडारा)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एकाच वेळच्या नाहीत. जनुके तीच असतात, मात्र ती ज्या पेशीत काम करतात ती पेशी कर्करोगाच्या वाटेवर कुठवर गेली आहे, यावर त्यांच्या कामाचा परिणाम ठरतो.

ऑटोफॅजीच्या सुरुवातीच्या अभ्यासात यकृताला मोठे स्थान आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ग्लुकागॉन हे संप्रेरक दिलेल्या उंदरांच्या यकृतपेशींत इतर घटक गिळलेल्या पिशव्या आढळल्या, आणि १९६३ साली बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिश्चन द ड्यूव यांनी या प्रक्रियेचे नामकरण केले. यकृतात ती किती जोरात चालते याची कल्पना एका जुन्या निरीक्षणावरून येते. उंदराला ४८ तास उपाशी ठेवले तर त्याच्या यकृतातील २५ ते ४० टक्के प्रथिने नाहीशी होतात. यकृतातून एटीजी७ काढून टाकलेल्या उंदरांत ही घट जवळजवळ होत नाही. उलट त्यांचे यकृत सुजून मोठे होते आणि पेशींत निकामी प्रथिनांचे गठ्ठे साचतात. हे २००५ साली दाखवले गेले.

विद्यार्थ्यांना क्रम सांगायचा असल्यास तो असा आहे. अन्न मुबलक असताना एमटॉर हे प्रथिन ऑटोफॅजीला दाबून ठेवते. अन्न कमी पडले की हा दाब सुटतो आणि यूएलके१ हे प्रथिन सक्रिय होते. मग बेक्लिन-१ ज्या प्रथिनसमूहात असते तो दुपदरी पटलाची सुरुवात करून देतो, एटीजी५, एटीजी७, एटीजी१२ आणि त्यांचे सहकारी त्या पटलाला एलसी३ हे प्रथिन जोडतात, पटल टाकाऊ मालाभोवती मिटते, आणि तयार झालेली पिशवी लयकारिकेत (पेशीतील पचनाचे काम करणाऱ्या लायसोसोममध्ये) मिसळून आतील सर्व काही पचवले जाते. पी६२ नावाचे आणखी एक प्रथिन एका बाजूने टाकाऊ माल आणि दुसऱ्या बाजूने एलसी३ धरून ठेवते आणि शेवटी मालाबरोबर स्वतःही पचून जाते. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या पी६२ मध्ये आहे.

कर्करोगाशी संबंध जोडणारा पहिला ठळक पुरावा बेक्लिन-१ चा होता. अमेरिकी संशोधक बेथ लेव्हिन यांच्या गटाने १९९९ साली हे जनुक स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते असे दाखवले. २००३ साली ज्यांच्यात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच शिल्लक ठेवली होती अशा उंदरांना वय वाढल्यावर फुप्फुसाचे व यकृताचे कर्करोग आणि लसिका-अर्बुदे (लिम्फोमा) अधिक प्रमाणात झाली, आणि हिपॅटायटिस बी विषाणूची प्रथिने बनवणाऱ्या उंदरांत यकृतातील कर्करोगपूर्व बदल लवकर दिसू लागले. २०११ साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या शरीरभर काही काही पेशींतून एटीजी५ काढून टाकले, तेव्हा गाठी इतर कोणत्याही अवयवात न येता केवळ यकृतात आल्या. यकृतातून एटीजी७ काढल्यावरही तेच झाले.

या प्रयोगातील जी बाब वर्गात सहसा सांगितली जात नाही, ती मला सर्वांत मोलाची वाटते. एटीजी५ व एटीजी७ च्या अभावामुळे आलेल्या त्या गाठी सौम्य होत्या. त्या वाढल्या, संख्येने पुष्कळ झाल्या, परंतु आसपासच्या ऊतींत घुसल्या नाहीत आणि इतरत्र पसरल्या नाहीत. ऑटोफॅजी नसल्याने गाठीचा आरंभ झाला, आणि ऑटोफॅजी नसल्यानेच ती पुढची पायरी चढू शकली नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आरंभ का होतो याचे उत्तर पी६२ देते. ऑटोफॅजी थांबली की पी६२ पचत नाही आणि पेशीत साचत जाते. साचलेले पी६२ हे कीप१ या प्रथिनाला अडकवून ठेवते. कीप१ चे नेहमीचे काम एनआरएफ२ या नियंत्रकाला नष्ट करत राहण्याचे आहे, ते बंद पडते, आणि मोकळे सुटलेले एनआरएफ२ ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्ये बनवणारी जनुके सतत चालू ठेवते. एकीकडे निकामी तंतुकणिका तशाच राहिल्याने डीएनएला इजा होत राहते, आणि दुसरीकडे इजा झालेली पेशी मरायला हवी ती या संरक्षणामुळे जगते. एटीजी७ बरोबर पी६२ ही काढून टाकलेल्या उंदरांत गाठी लहान राहिल्या, यावरून हा दुवा पक्का झाला. माणसांतही मद्यामुळे किंवा मेदामुळे बिघडलेल्या यकृतात मॅलरी-डेंक पिंड नावाचे प्रथिनांचे गठ्ठे दिसतात, त्यांत पी६२ असते, आणि यकृताच्या कर्करोगाच्या अनेक नमुन्यांत ते साचलेले आढळते. २०१६ च्या एका अभ्यासात ज्या रुग्णांच्या गाठीबाहेरील यकृतातही पी६२ जास्त होते, त्यांच्यात गाठ जाळून काढल्यानंतर रोग लवकर उलटला.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. गाठ वाढली की तिच्या मध्यापर्यंत रक्त पुरेसे पोहोचत नाही, त्यामुळे तेथे प्राणवायू व अन्न यांचा तुटवडा असतो. यकृताच्या कर्करोगात गाठीची रोहिणी मुद्दाम बंद करण्याचा उपचारही केला जातो, त्याने हा तुटवडा आणखी वाढतो. अशा वेळी ऑटोफॅजी कर्करोगाच्या पेशीला आतूनच शिधा पुरवते. शिवाय पी५३ सारख्या कर्करोगरोधक प्रथिनांना ती दाबून ठेवते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. शेणखत आपण पिकासाठी घालतो, पण तण माजले असेल तर तेही त्याच खतावर पोसले जाते. तण उगवण्यापूर्वी खत बंद करणे आणि तण माजल्यावर बंद करणे यांचे परिणाम वेगळे होतील, एवढे शेतकऱ्यांच्या मुलांना अधिक सांगावे लागणार नाही.

औषधांच्या शोधामागे हाच विचार आहे. सोराफेनिब या गोळीने प्रगत अवस्थेतील रुग्णांचे आयुष्य वाढते, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. गोळी घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १०.७ महिने होते, तर न घेणाऱ्यांचे ७.९ महिने. फरक थोडा राहण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक असे मानले जाते की औषधाचा मारा सुरू होताच पेशी ऑटोफॅजी वाढवून तग धरतात. प्रयोगशाळेत ती रोखल्यावर सोराफेनिबचा परिणाम वाढलेला दिसतो. परंतु ऑटोफॅजी रोखली की शेजारच्या, आधीच सिरोसिसने पिचलेल्या यकृतपेशींचे संरक्षणही जाते आणि पी६२ साचण्याचा धोका पुन्हा उभा राहतो. या अडचणीमुळे यकृताच्या कर्करोगासाठी असे एकही औषध अद्याप मान्य झालेले नाही.

जोखीम वर्तवणाऱ्या शोधनिबंधांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. त्यांची पद्धत बहुधा सारखी असते. अमेरिकेतील कर्करोग जनुकसंचाच्या सार्वजनिक नोंदींतून यकृताच्या सुमारे पावणेचारशे रुग्णांची माहिती घ्यायची, ऑटोफॅजीशी संबंधित दोनशेहून अधिक जनुकांच्या यादीतून रुग्णांच्या आयुर्मानाशी जुळणारी चार-पाच जनुके गणिताने निवडायची, आणि त्यांचा एक गुणांक बनवायचा. एवढ्या जनुकांतून निवड करायची म्हटल्यावर काही ना काही जुळतेच. म्हणून वेगवेगळ्या गटांच्या निबंधांत वेगवेगळी जनुके निवडलेली दिसतात. शिवाय हे सारे आकडे आरएनएचे, म्हणजे जनुकावरून पेशीत उतरवल्या जाणाऱ्या प्रतींचे असतात, आणि ऑटोफॅजीचा वेग केवळ जनुकाच्या आरएनएवरून कळत नाही. पेशीत एलसी३ पुष्कळ दिसले तर पिशव्या जास्त तयार होत असतील, किंवा तयार झालेल्या पिशव्या पचत नसल्याने तुंबल्या असतील. या दोन अवस्था परस्परविरुद्ध आहेत आणि एका क्षणाच्या नमुन्यात त्या सारख्याच दिसतात. एलसी३ जास्त असणे काही अभ्यासांत वाईट आणि काहींत चांगले लक्षण ठरते, याचे एक कारण हेच असावे. पुढील प्रयोगासाठी जनुके सुचवण्यापुरता अशा निबंधांचा उपयोग आहे. रुग्णालयात मात्र गाठींची संख्या व आकार, यकृताची उरलेली शक्ती आणि रुग्ण स्वतः चालता-फिरता आहे की नाही, यांवरच आजही उपचार ठरतात.

प्रश्न : आमच्या भागात हिवतापासाठी क्लोरोक्विनच्या गोळ्या सहज मिळतात. त्या ऑटोफॅजी थांबवतात आणि कर्करोगावर चालतात, असे मुलाने इंटरनेटवर वाचले. माझ्या भावाला यकृताचा कर्करोग आहे. त्याला द्याव्यात काय? (एक शेतकरी, धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली)

उत्तर : देऊ नयेत. क्लोरोक्विन लयकारिकेतील आम्लता कमी करते आणि त्यामुळे ऑटोफॅजीची अखेरची पायरी अडते, हे खरे आहे. याच कारणाने ते आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कर्करोगावरील चाचण्यांत वापरले गेले आहेत. त्या चाचण्या रुग्णाचे हृदयालेख (ईसीजी) आणि रक्त तपासत, ठरावीक मात्रेत होतात. क्लोरोक्विनने हृदयाची लय बिघडू शकते, दीर्घकाळ घेतल्यास दृष्टिपटलाला इजा होते, आणि ठरलेल्या मात्रेपेक्षा थोडे जास्त झाले तरी ते जीवघेणे ठरू शकते. भावाला थंडी वाजून ताप आला तर आशाताईंकडून रक्त तपासून घ्यावे आणि अहवालाप्रमाणे हिवतापाचा उपचार घ्यावा. त्या गोळ्यांचे घरातील काम तेवढेच आहे.

प्रश्न : माझे वडील आणि थोरले काका दोघेही यकृताच्या कर्करोगाने गेले. दोघेही दारू पीत नव्हते. आता आईच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला आहे. आम्ही दोघे भाऊ असून धाकट्या बहिणीला सातवा महिना आहे. घराण्यात ऑटोफॅजीची जनुके बिघडलेली असतील काय, आणि जनुकांची चाचणी कोठे होते? (एक वाचक, मेहकर तालुका, जिल्हा बुलढाणा)

उत्तर : जनुकांच्या चाचणीवर पैसे खर्च करू नका. यकृताच्या कर्करोगात वारंवार बिघडलेली आढळतात ती टर्ट जनुकाचा नियंत्रक भाग, टीपी५३ आणि सीटीएनएनबी१ ही जनुके, आणि हे बिघाड बहुतेक वेळा आयुष्यात यकृताच्या पेशीतच घडतात, ते आईवडिलांकडून येत नाहीत. एटीजी गटातील मुख्य जनुके तर माणसांच्या कर्करोगांत क्वचितच उत्परिवर्तित झालेली दिसतात. त्यांचे काम बिघडते ते विषाणू, मद्य, मेद आणि साचलेली प्रथिने यांच्यामुळे. हिपॅटायटिस बी चा विषाणू यकृतपेशीची ऑटोफॅजी चाळवतो आणि तिचा स्वतःच्या प्रती वाढवण्यासाठी वापर करतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

आपण दिलेल्या माहितीवरून घरात फिरत असलेली गोष्ट हा विषाणूच असण्याचा संभव अधिक आहे. बाळाला जन्माच्या वेळी आईकडून त्याची लागण झाली तर सुमारे ९० टक्के वेळा ती कायमची राहते, मोठेपणी झाली तर शंभरात पाचांहून कमी लोकांत राहते. म्हणून भावाभावांत हा रोग आढळतो आणि तो आनुवंशिक वाटतो. या विषाणूने सिरोसिस न होताही कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे प्रकृती ठणठणीत आहे यावर विसंबू नये. आपल्याकडे घरी साठवलेल्या शेंगदाण्यावर व मक्यावर ओल राहिल्यास येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते. शांघायमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात विषाणू आणि हे विष दोन्ही असणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साठपट आढळला होता. भाजल्याने किंवा शिजवल्याने हे विष पुरेसे जात नाही. बुरशी आलेले, सुरकुतलेले आणि कडवट दाणे गुरांनाही घालू नयेत, कारण ते दुधातून परत येते.

आपण दोघा भावांनी हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी करून घ्यावी. २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य आहेत. लागण नसेल तर लस घ्यावी. असेल तर औषध लागते की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागेल. आईलाही हेच लागू आहे.

बहिणीची तपासणी मात्र या आठवड्यातच करावी. तिच्या रक्तात विषाणू निघाला आणि त्याचे प्रमाण जास्त असले, तर उरलेल्या महिन्यांत टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध देऊन बाळाचा धोका कमी करता येतो. प्रसूती रुग्णालयातच व्हावी. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत, आणि शक्य असेल तर पहिल्या १२ तासांतच, हिपॅटायटिस बी ची लस व तिच्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनचे (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शन मिळायला हवे. हे इंजेक्शन प्रत्येक ठिकाणी शिल्लक असतेच असे नाही, म्हणून प्रसूती जेथे होणार आहे तेथे आताच विचारून ते मागवून ठेवण्यास सांगावे.